एक स्लॉट रिकामा आहे

'किती आहे?' असं आमच्याकडे कुणी विचारलं, तर विचारणारा कोण ते बघून उत्तर द्यावं लागतं. डॉक्टरांनी विचारलं तर साखर सांगायची. स्थळ घेऊन आलेल्या मामांनी विचारलं तर पगार. जूनमध्ये कुणीही विचारलं तर पोराचे टक्के. आणि काकांनी विचारलं तर रॅम.

काकांचं खरं नाव कॉलनीत कुणी घेत नाही. त्यांचा नंबर कुणी 'काका पीसी' म्हणून ठेवलाय, कुणी 'काका रॅम' म्हणून. आमच्या शेजारच्या आजींच्या फोनमध्ये तो 'काका डबा' असा आहे, कारण आजींच्या लेखी हा माणूस येतो तो डबा उघडायला. आणि ते खोटंही नाही. बाकीची माणसं घरात आली की भिंतीवरच्या फोटोंकडे बघतात, नाहीतर टीव्ही किती इंची आहे ते बघतात. काका थेट कॉम्प्युटरच्या टेबलाखाली वाकतात, कॅबिनेटवर पंजा ठेवतात आणि म्हणतात, "गरम होतोय."

अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं, एक टेस्टर आणि टोकाला लोहचुंबक असलेला स्टार स्क्रू ड्रायव्हर. काखेत कुठल्याशा विमा कंपनीने फुकट दिलेली चेनची बॅग. देहूरोडच्या डेपोत स्टोअरमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण वस्तू मोजल्याशिवाय आणि लिहून ठेवल्याशिवाय त्यांना अजून चैन पडत नाही. घोरावाडी स्टेशनवर फक्त लोकल थांबते. लांबच्या गाड्या शिट्टी मारून तशाच पुढे जातात. काकांना आमच्या स्टेशनचा हाच गुण आवडतो. "घाई असेल त्याने पुढे जावं," असं ते म्हणतात, आणि ते फक्त गाड्यांबद्दल नसतं.

असा एक माणूस तुमच्याही ओळखीत असेल. डोंबिवलीत असतो, सांगलीत असतो, आणि न्यूजर्सीच्या बेसमेंटमध्येही एखादा असतो. तो मिक्सर उघडतो, पंखा उघडतो, रेडिओ उघडतो. आमच्या वाट्याला कॉम्प्युटरवाला आला, इतकंच.

मुळात काकांना कॉम्प्युटर नको होता. काकू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. २००१ मध्ये एमएस-सीआयटी ही कॉम्प्युटरची परीक्षा आली, पुढे ती सरकारी नोकरांना सक्तीची झाली, आणि पगारवाढ अडेल या भीतीने महाराष्ट्रातल्या हजारो शिक्षकांनी पन्नाशीच्या आसपास माउस हातात धरला. काकूंनीही धरला. सरावासाठी म्हणून हप्त्याने डेस्कटॉप घेतला. त्याला पांढरं, कडेला झालर लावलेलं कव्हर शिवलं. काकू परीक्षा पास झाल्या, पगारवाढ मिळाली आणि त्या कॉम्प्युटरला विसरून गेल्या. काका मात्र अडकले. त्या मशीनमध्ये १२८ एमबी मेमरी होती. दुकानदाराने सहज सांगितलं, "एक स्लॉट रिकामा आहे, पुढेमागे वाढवता येईल." त्या वाक्याने काकांच्या आयुष्याचा उत्तरार्ध ठरला. वस्तू विकत घेतल्यावरसुद्धा ती मोठी करता येते, हे डेपोत त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून काकांची दोन वाक्यं ठरलेली. पहिलं, "मशीन चांगलंय हो, मेमरी कमी पडतेय." दुसरं, "टाकायचं नाही, वाढवायचं." व्हायरस असो, कीबोर्डचं बटण अडकलेलं असो की इंटरनेटचं बिल भरायचं राहिलेलं असो, निदान एकच. एकदा शेजारच्या आजींचा प्रिंटर चालेना. काकांनी तपासलं, विचार केला आणि म्हणाले, "मेमरी वाढवून बघू." नंतर कळलं की प्रिंटरमध्ये कागद नव्हता. पण मेमरी वाढवून झाली होती, आणि आजींना प्रिंटर पूर्वीपेक्षा चपळ वाटत होता.

समजावून सांगण्याची त्यांची पद्धतही ठरलेली आहे. "हार्ड डिस्क म्हणजे फडताळ. रॅम म्हणजे ओटा. फडताळात कितीही डबे असू देत, स्वयंपाक ओट्यावरच होतो. ओटा लहान असला की एक डबा काढताना दुसरा ठेवावा लागतो. मग तुम्ही म्हणता कॉम्प्युटर स्लो झाला." हे ऐकलं नाही असं घर कॉलनीत नाही. काकूंनी तर ते इतक्यांदा ऐकलंय, की काका 'फडताळ' म्हणाले की त्या आतूनच म्हणतात, "ओट्यावर पसारा कुणाचा असतो तेही सांगा."

काकांबरोबर पुण्याला जाणं हा एक शिक्षणक्रम आहे. लोकल घोरावाडी सोडते तेव्हा रॅमच्या पिढ्या सुरू होतात, आधी डीडीआर. "साल २०००, अडीच व्होल्ट." बेगडेवाडी येते तोवर डीडीआर-२, साल २००३, एक पूर्णांक आठ व्होल्ट. देहूरोडला जुन्या नोकरीच्या दिशेने एक नजर टाकून डीडीआर-३, २००७, दीड व्होल्ट. आकुर्डीला कॉलेजची पोरं आत घुसतात तेव्हा डीडीआर-४, २०१२, एक पूर्णांक दोन. चिंचवडला उतरणाऱ्यांना वाट करून देता देता डीडीआर-५, २०२०, एक पूर्णांक एक. ही सालं मानक ठरल्याची, माल दुकानात आल्याची नव्हेत, हे ते पिंपरीला स्पष्ट करतात. मग सीटच्या पाठीला टेकून सार सांगतात, "प्रत्येक पिढीला व्होल्ट कमी लागतं आणि काम जास्त होतं. आपल्याकडे बरोबर उलटं." हे म्हणताना ते आकुर्डीच्या पोरांकडे बघतात. पोरांच्या कानात बोंडं असतात, त्यामुळे भांडण होत नाही.

पण काकांना खरं बघायचं ते कामाला बसलेले असताना.

आमच्याकडचा डेस्कटॉप असा झाला होता, की फाइलवर क्लिक करावं, आत जाऊन फोडणी द्यावी, परत यावं, तरी ते छोटं गोल चक्र फिरतच असे. काका सकाळी दहाला आले. चपला दाराबाहेर. चहा 'नंतर'. आधी वाटी मागितली. "खोलगट द्या वहिनी. मागे एके ठिकाणी बशी दिली होती, अजून एक स्क्रू सापडायचाय." प्लग काढला. प्लग काढल्यावर पुन्हा सुरू करायचं बटण दाबलं, तेव्हा आतला पंखा थरथरल्यासारखा हलला आणि थांबला. "उरलेली वीज होती, गेली." मग कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून क्षणभर थांबले. ही अंगातली वीज उतरवणं. ती नाही उतरवली तर चिपला बसणारा झटका आपल्याला जाणवतही नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे. आमच्या मुलाला मात्र काका नमस्कार करताहेत असं वाटलं, म्हणून त्यानेही केला.

जुन्या पेपरवर कॅबिनेट आडवं झालं. मागचे दोन स्क्रू वाटीत पडले. दार मागे सरकवून काढलं आणि आत आमच्या संसाराची धूळ दिसली. धूळ बघून काका रागावत नाहीत. ते फक्त घरच्या बाईकडे न बघता घरच्या पुरुषाकडे बघतात. खिशातून रंगाचा एक इंची ब्रश निघाला. पंख्याची पाती एका बोटाने धरून, ती फिरू न देता, त्यांनी एकेक पातं साफ केलं. मग टॉर्च दातांत धरून ते आत वाकले आणि तसंच, टॉर्चसकट, बोलले. शब्द कळले नाहीत, पण अर्थ कळला, कारण आवाज आनंदाचा होता. एक स्लॉट रिकामा होता.

आधी जुनी पट्टी काढली. दोन्ही टोकांच्या पांढऱ्या खिट्ट्या बाहेर लोटल्या, टक टक, आणि पट्टी आपोआप वर उचलली गेली. ती फक्त कडांना धरायची. खालचे सोनेरी दात उजेडाकडे करून त्यांनी पाहिले आणि "हं" केलं. मावळातला पाऊस फक्त भिंतींना ओल आणत नाही. जून ते सप्टेंबर हा काकांचा सीझन. दातांवर दमट हवेची पुटं चढतात आणि कॉम्प्युटर सुरू होण्याऐवजी बोंबलत बसतो. त्यावर त्यांचं औषध म्हणजे खोडरबर. "पांढरा. पेन्सिलीच्या बुडाचा लाल नको, तो खरवडतो." एकाच दिशेने, हलक्या हाताने, दोन्ही बाजूंनी. मी चुरा उडवायला वाकलो तसा त्यांनी हात आडवा धरला. "फुंकर नाही. फुंकरीत थुंकी असते." चुरा ब्रशने झाडला.

मग दोन्ही पट्ट्या बसवल्या. खाच खाचेला लागली की नाही ते बोटाने चाचपून दोन्ही अंगठ्यांनी दाब दिला. त्या क्षणी खालचा बोर्ड किंचित वाकतो, आणि त्याच क्षणी घरमालकाने तिथे बघायचं नसतं. खिट्ट्या स्वतःहून उभ्या राहिल्या. प्लग लावला. बटण दाबलं. घरात सगळे गप्प. एकच छोटी बीप आली की झालं. लांबच लांब बीप येत राहिली तर मेमरी नीट लागलेली नाही. आमच्याकडे छोटी आली. काकांनी मान डोलावली आणि सगळ्या घराला स्क्रीनसमोर बोलावलं. मेमरी वाढवून झाली की आकडा सगळ्यांनी बघायचा आणि 'वा' म्हणायचं, अशी रीत आहे. आम्ही म्हणालो. मुलगा दोनदा म्हणाला.

पैसे ते घेत नाहीत. मेमरीची किंमत तेवढी घेतात, आणि तीही बिल दाखवून. चहा बिनसाखरेचा. पवन मावळातल्या एका शेतकऱ्याचा कॉम्प्युटर त्यांनी दोनदा उठवून उभा केला, तो दर दिवाळीला इंद्रायणी तांदूळ आणून देतो. तो मात्र घेतात, कारण "नाही म्हटलं तर त्याला वाईट वाटेल", आणि कारण तो इंद्रायणी आहे. बाकी त्यांची दक्षिणा एकच. पट्टी बदलावी लागली, तर निघताना बॅगेची चेन लावता लावता ते सहज म्हणतात, "काढलेली मेमरी मी नेतो."

ती कुठे जाते, हे बघायला त्यांच्या घरी जावं लागतं. जुन्या लोखंडी कपाटाचा मधला खण. आत लग्नपत्रिकांची रिकामी पाकिटं ओळीने उभी. प्रत्येक पाकिटात एक पट्टी, आणि प्रत्येक पाकिटाला एक बिन कार्ड. हा डेपोचा संस्कार. वस्तू कधी आली, कुणाकडून आली, कधी गेली, शिल्लक किती. 'चि. सौ. कां.' छापलेल्या पाकिटावर निळ्या शाईत 'डीडीआर-२, १ जीबी, ६६७, चालू' असं लिहिलेलं असतं. बिघडलेल्या पट्ट्यासुद्धा आहेत. त्यांच्यावर 'बंद' असं लिहिलेलं नाही, 'तपासणे' असं लिहिलंय. काकूंचं यावर एकच म्हणणं आहे, "माझ्या साड्या ट्रंकेत आणि यांचे दात कपाटात."

काकूंबद्दल एक सांगायला हवं. विजेचं बिल, गॅस, रेल्वेचं तिकीट, भिशीचा हिशेब, सगळं त्या फोनवर करतात, झोपाळ्यावर बसून. काका म्हणतात, "मोबाइलवर काम होत नसतं." हे ते काकूंनी फोनवरून मागवलेली नवी खुर्ची वापरताना म्हणतात. एकदा काका आम्हाला समजावत होते, की दोन वेगवेगळ्या वेगाच्या पट्ट्या एकत्र लावल्या तर दोन्ही पट्ट्या हळू असेल तिच्या वेगाने चालतात. काकू झोपाळ्यावरून म्हणाल्या, "अडतीस वर्षं बघतेय." काकांनी विषय लगेच व्होल्टेजवर नेला.

त्यांच्या गोष्टींत दोन अजरामर आहेत. पहिली जावयाची. कॉलनीतल्या एका घरी नवा जावई आला आणि हौसेने सासऱ्यांच्या कॉम्प्युटरमध्ये स्वतः मेमरी घालायला बसला. मशीन डीडीआर-२ चं, आणलेली पट्टी डीडीआर-३ ची. दोन्हींना पिना दोनशेचाळीस, लांबी सारखी. फक्त मधली खाच थोडी सरकलेली. खाच दिलीय ती चुकीची पट्टी आत जाऊ नये म्हणूनच. पण जावई माणूस, नाही जात म्हणजे काय? त्याने जोर लावला. काकांना बोलावणं गेलं तेव्हा स्लॉटची एक खिट्टी टेबलाखाली सापडली. जावयाला कुणी बोलू शकत नाही, म्हणून काका बोर्डाला बोलले. अर्धा तास बोलले. "तुला खाच कशाला दिली होती? तुला सांगता येत नव्हतं?" जावई खाली मान घालून बोर्डाच्या वतीने ऐकत होता.

दुसरी गणपती मंडळाची. मंडळाच्या खजिनदाराने वर्गणीतून मंडळाच्या कॉम्प्युटरला आठ जीबी मेमरी घातली. विंडोज मात्र बत्तीस बिटांचं. सुरू केल्यावर स्क्रीनवर दिसलं, वापरण्याजोगी मेमरी ३.२५ जीबी. झालं. विरोधी गटाने सभेत विचारलं, "आठ घेतले, सव्वातीन दिसतात. बाकीचे कुठे गेले?" खजिनदाराला घाम फुटला. साक्षीला काकांना बोलावलं. काका उभे राहिले आणि एका दमात म्हणाले, "बत्तीस बिटांत पत्ते मावतात चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे शहाण्णव." कोटींत आकडा ऐकल्यावर विरोधी गट आणखीच सावध झाला. मग काकांनी सावकाश सांगितलं. म्हणजे चारच जीबी. त्यातलेही काही पत्ते ग्राफिक्स कार्ड आणि बाकीची मंडळी आधीच अडवून बसतात. उरतात ते सव्वातीन. पुढचे चार आहेत, पण त्यांना पत्ताच नाही. "ओटा मोठा केला, पण हात तिथवर पोचत नाही." हे सगळ्यांना पटलं. चौसष्ट बिटांचं विंडोज घालायचा ठराव झाला, पण पावत्यांचं जुनं मराठी सॉफ्टवेअर त्यात चालेना, म्हणून ठराव तहकूब झाला. मंडळ अजून सव्वातीनवरच आहे, आणि अहवालात दरवर्षी 'मेमरी (न दिसणारी)' अशी एक ओळ असते.

२०२२ साल काकांना आधी फार गोड गेलं आणि मग फार कडू. वेदांत-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावला होणार, एक लाख चोपन्न हजार कोटींचा, अशा बातम्या येऊ लागल्या. तळेगाव म्हणजे आमच्या पुढचंच स्टेशन. काकांनी आयुष्यभर तैवान आणि कोरियाचा माल हाताळला होता. आता चिप एका स्टेशनावर! ते संध्याकाळी फिरायला त्या दिशेनेच जायला लागले. कॉलनीतल्या एका इंजिनियर मुलाने हळूच सांगितलं, "काका, तिथे रॅम होणार नाहीये. वेगळ्या चिप आहेत." काका म्हणाले, "चिप ती चिप. आधी कारखाना येऊ दे, मग मी बोलतो त्यांच्याशी." सप्टेंबरमध्ये प्रकल्प गुजरातला जात असल्याचं जाहीर झालं. राज्यभर त्यावरून भांडणं झाली. काका मात्र कुठल्याच पक्षाला काही बोलले नाहीत. फक्त फिरायची दिशा बदलली आणि घोरावडेश्वराच्या पायऱ्या चढायला लागले. पुढच्या जुलैत फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली, आणि त्याच सुमारास मायक्रॉनचा मेमरी जुळवणी-चाचणीचा कारखाना गुजरातमध्येच साणंदला होणार हे ठरलं. काकांनी पेपर घडी करून ठेवला. "म्हणजे खरी रॅम साणंदला. घोरावाडीहून थेट गाडी नाही."

घोरावडेश्वराच्या डोंगरावर बौद्ध लेणी आहेत, आता महादेवाची जत्रा भरते. लेण्यांत ब्राह्मीतले कोरीव लेख आहेत. काकांना ते फार आवडतात. "हे खरं स्टोअरेज. वीज गेली तरी जात नाही. रॅमचं तसं नाही, वीज गेली की पाटी कोरी." आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, तेव्हा काका गुरुवारी कुणाकडे जात नाहीत. अर्धवट उघडलेलं मशीन आणि गेलेली वीज, हा प्रसंग त्यांना सोसवत नाही. गुरुवारी ते पाकिटं पुसतात.

या सगळ्याचा परिणाम असा झालाय, की आमच्या कॉलनीत नवा कॉम्प्युटर घेणं ही चोरून करायची गोष्ट आहे. ऐपत आहे. पोरं हिंजवडीत कमावतात. पण काकांना सांगणार कोण? ज्या मशीनमध्ये त्यांनी तीनदा मेमरी घातली, ज्याच्या पंख्याला शिवणयंत्राचं तेल दिलं, ते भंगारात गेलं हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणून जुने डेस्कटॉप टेबलावर तसेच आहेत, हळदीकुंकवाच्या दिवशी त्यांच्यावर कव्हर चढतं, आणि नवे लॅपटॉप पलंगाखाली राहतात. काका येताना दिसले की पोरं आतून ओरडतात, "आले!" आणि एकच धावपळ. एका घरी लॅपटॉप घाईत पिठाच्या डब्यावर ठेवला गेला आणि काकांनी तो पाहिला. उचलला, उलटा केला, खालचे स्क्रू शोधले. मेमरी बोर्डालाच सोल्डर केलेली होती. वाढवायची सोय नाही, स्लॉटच नाही. काकांनी तो परत ठेवला आणि अतिशय सौम्यपणे विचारलं, "मग पुढे काय करणार तुम्ही?" त्या घराला अजून त्याचं उत्तर सापडलेलं नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. नव्या विंडोज ११ ला चार जीबी पुरतात, पण टीपीएम २.० नावाची सुरक्षेची व्यवस्था लागते आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. म्हणजे आमच्या कॉलनीतली निम्मी मशीनं एका दिवसात म्हातारी झाली. आम्हाला वाटलं, आता काका थकले. ते पेन ड्राइव्ह घेऊन आले. आजींच्या मशीनवर त्यांनी लिनक्स मिंट घातलं, फुकटचं. आजींनी चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "हिरवं का झालं?" बाकी त्यांना काही फरक पडला नाही. हरिपाठ पूर्वीसारखाच लागतो, आणि नातीचा व्हिडिओ कॉल पूर्वीसारखाच अडकतो.

आणि मग काकांचं नशीब फळफळलं. २०२५ संपता संपता मेमरीचे भाव चढू लागले. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी एवढी लागायला लागली, की सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन या तीन मोठ्या कंपन्यांनी आपला जोर तिकडे वळवला आणि तुमच्या-आमच्या पट्ट्यांचा तुटवडा पडला. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने 'क्रुशल' हा ग्राहकांसाठीचा आपला व्यवसाय गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. काकांनी ती बातमी कापून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवली.

समोरच्या इमारतीतला एक मुलगा आहे. हिंजवडीत नोकरी, घरी निळे-जांभळे दिवे लागणारा गेमिंगचा डेस्कटॉप. दोन वर्षांपूर्वी यानेच कट्ट्यावर सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "काका, हे सगळं ई-वेस्टवाल्याला देऊन टाका." तो जानेवारीत एका संध्याकाळी काकांच्या दारात उभा राहिला. एक पट्टी गेली होती. नवीचा भाव ऐकून तो दुकानातून पायऱ्या न मोजता उतरला होता. काकांनी त्याला आत घेतलं, पाणी दिलं, आणि लगेच कपाटाकडे गेले नाहीत. आधी फडताळ आणि ओटा झाला. मुलाने तो पहिल्यांदाच ऐकतोय असा ऐकला. मग मधला खण उघडला. 'शुभविवाह' छापलेलं एक लाल पाकीट, डीडीआर-४, आठ जीबी, ३२००, चालू. मुलाने पाकीट दोन्ही हातांनी घेतलं.

"किती देऊ काका?"

काकांनी बिन कार्ड बघितलं. "ज्याने काढली त्याला तीन वर्षांपूर्वी जे दिलं, तेच." आणि कार्डावर तारीख टाकून, शिल्लक शून्य लिहून, वर बघत म्हणाले, "गेलेली पट्टी आणून दे. तपासतो."

आता त्यांचा भाव कॉलनीत असा वधारलाय की बोलायची सोय नाही. डीडीआर-२ चेही दिवस येतील, असं ते सांगत फिरतात, आणि त्यांना नाही म्हणायची हिंमत या वर्षी कुणातच नाही. आमच्या डेस्कटॉपचे दोन्ही स्लॉट आता भरलेत. त्यावर त्यांनी उपाय काढलाय, "दोन्ही लहान आहेत. मोठ्या मिळाल्या की बदलू. मी बघून ठेवतो." त्यांनी बिन कार्डावर आमचं नाव लिहूनसुद्धा ठेवलंय.

आम्ही मध्यंतरी लॅपटॉप घेतला. छान आहे, हलका आहे, दहा सेकंदांत उघडतो. मेमरी अर्थातच सोल्डर केलेली. तो बायकोच्या साड्यांमागे असतो. गुरुवारी वीज जाते आणि काका घरी पाकिटं पुसत बसतात, तेव्हा आम्ही तो बाहेर काढतो आणि आठवड्याची सगळी कामं उरकून घेतो. बॅटरीवर.